धार कुठे तोडायची

मोजपात्रात तीस मिलिलिटर नासपतीची दारू होती. त्या दारूत ती पिपेटने एकेक मिलिलिटर पाणी सोडत होती आणि दर वेळी मोजपात्र खिडकीसमोर धरून पाहत होती. अठरा मिलिलिटरपर्यंत काही झालं नाही. एकोणिसाव्याला तळाशी पांढुरका धागा उमटला, जरा लोंबकळला आणि विरण्याऐवजी पसरला. पात्राआडून दिसणाऱ्या खिडकीच्या गजाची कड आधी मऊ झाली, मग दिसेनाशी झाली.

तिने वहीत लिहिलं: १९. मागच्या खेपेला हा आकडा बावीस होता, त्याच्या आधी चोवीस. दहा महिन्यांपूर्वीच्या खेपेत तीस मिलिलिटर पाणी घातलं तरी पलीकडे ठेवलेल्या वर्तमानपत्रातली बारीक अक्षरं वाचता येत होती.

यात न कळण्यासारखं काही नव्हतं. जड तेलं मद्यार्कात विरघळतात, पाण्यात नाही. पाणी वाढलं की ती बाहेर पडतात आणि दारू गढुळते. जितक्या लवकर गढूळ, तितकं तेल जास्त. हे तिला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून माहीत होतं. तेल आलं कुठून, हेही माहीत होतं. एवढं सगळं माहीत असल्यावर काहीतरी वाटायला हवं होतं. ते वाटत नव्हतं. दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गालाला बोट लावलं, की बोटाला गाल कळतो पण गालाला बोट कळत नाही. गेले काही महिने तिचं तसं चाललं होतं.

तिने मोजपात्र विसळलं, पालथं घातलं आणि लिंबं कापायला घेतली.

तिच्या नवऱ्याची भट्टी तांब्याची होती, दोन पुरुष उंच, आणि या खोलीच्या मागच्याच खोलीत होती. मागे दारू निघायची, पुढे गिऱ्हाइकांना चाखायला मिळायची. आंबवलेल्या नासपतीचा रस तापला की वाफ वर जाते, थंड नळीतून उतरते आणि तोटीतून धार लागते. धार एकच दिसते, पण ती सगळी सारखी नसते. आधी येतं ते डोकं: नखांचा रंग पुसायच्या औषधासारखा वास, पिण्याच्या लायकीचं नाही. मग काळीज. शेवटी शेपूट: तेलकट, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं. तोटीखालचं भांडं कधी बदलायचं, म्हणजे डोकं कुठे संपलं आणि शेपूट कुठे सुरू झालं, यावर सगळा खेळ. घरात याला ‘धार तोडणं’ म्हणत. डोक्याकडची धार घड्याळ आणि तापमान बघूनही तोडता येते. शेपटाकडची नाही. तिथे दर खेपेला फळ वेगळं, गोडी वेगळी, आणि यंत्राला काही कळायच्या आत नाकाला कळतं.

नवऱ्याला सगळे ‘नाकशेठ’ म्हणत ते काही उगाच नाही. बंद डब्यात कुठलं पीठ आहे हे तो झाकणावरून सांगायचा. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्याने तिला सांगितलं होतं, “तू आज प्रयोगशाळेत दुसऱ्याच कुणाचा कोट घातला होतास.” ती घाबरली होती. मग हसली होती.

दहा महिन्यांपूर्वी तो तापाने आठ दिवस झोपला. ताप उतरला, आणि जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येतो परत. कुणाला महिना लागतो, कुणाला वर्ष, कुणाला येतही नाही. तिसऱ्या आठवड्यात नवरा म्हणाला, “येतोय हळूहळू.” पाचव्या आठवड्यात म्हणाला, “आला.” आणि भट्टी लावली.

त्यानंतर साधारण दहा दिवसांनी ती आंघोळ करून बाहेर आली, तर घरभर जळक्या दुधाचा वास. पातेलं काळं पडलं होतं, धूर वर छताला लागला होता. शेगडीपासून दोन हातांवर तो खुर्चीत बसून शब्दकोडं सोडवत होता. तिने गॅस बंद केला.

“काय गं?” त्याने पेन्सिल न थांबवता विचारलं.

“काही नाही.”

तेव्हाच बोलायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी बोलू, असं तिने ठरवलं. दुसऱ्या दिवसाचे आठ महिने झाले.

मधल्या काळात तिने काय केलं, तर कॉकटेलं शोधली. समोरच्या पाटीवर पूर्वी तीन होती, आता अकरा. पुठ्ठ्याच्या वासाला लिंबाची साल चालते, वीस मिलिलिटर रसाबरोबर. मागून येणाऱ्या कुबट चवीला मधाचा पाक, पण तो पंधरा मिलिलिटरच्या वर गेला की झाकायचं तेच उघडं पाडतो. आलं कशावरही चालतं. कडू अर्काचे तीन थेंब टाकले की जीभ दुसरीकडेच बघायला लागते. बर्फ भरपूर, कारण गार जिभेला कमी कळतं. सगळं मापात, सगळं वहीत लिहिलेलं. गिऱ्हाइकं म्हणत, वहिनींच्या हाताला चव आहे. तिच्या हाताला फक्त माप होतं. आणि ‘नुसती, दोन थेंब पाण्याबरोबर’ ही पाटीवरची सगळ्यात वरची ओळ तिने एका सकाळी ओल्या फडक्याने पुसून टाकली होती. कुणी विचारलं नाही.

“अगं, गोंद संपला!” नणंद दारातूनच म्हणाली. ती नवऱ्याची थोरली बहीण. बाटल्यांना लेबलं लावायचं काम तिचं. “आणि ऐक, त्या हॉटेलवाल्या बाईंचा फोन होता. चार वाजता येतायत. म्हणाल्या, मला नुसती चाखायचीय, सरबतं नकोत.”

“सरबतं म्हणाल्या?”

“त्या कॉकटेल म्हणाल्या. सरबत मी म्हणाले. लिंबू, मध, आलं घालतेस, खोकल्याचा काढा म्हटलं नाही हे नशीब समज.” ती स्टुलावर बसली आणि एक बाटली मांडीवर घेऊन तिच्यावरून अंगठा फिरवू लागली. “सात हॉटेलं आहेत म्हणे त्यांची. सातही ठिकाणी आपली बाटली. माझ्या भावाचं नाक आधीच वर, आता आभाळाला भोक पाडणार. हे बघ, सरळ बसलंय का?”

लेबलावर लिहिलं होतं: ‘डोकं नाही, शेपूट नाही. फक्त काळीज.’ त्याखाली बारीक अक्षरांत: ‘ही धार वासावर तोडली आहे’, आणि नवऱ्याची सही. ही ओळ त्याला अकरा वर्षांपूर्वी सुचली होती, आणि तेव्हा तिच्यातला शब्दन् शब्द खरा होता.

“सरळ आहे, ताई,” ती म्हणाली. लेबल सरळच होतं.

“चेहरा का असा तुझा?”

“कसा?”

“भिंतीसारखा. रंग दिलेल्या.”

“लिंबाचं उडलं डोळ्यात.”

नणंदेने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि गोंद आणायला गेली.

चार वाजता हॉटेलवाल्या बाई आल्या. पांढरे केस, सपाट चपला, हातात वही. कोपऱ्यातल्या टेबलावर मास्तर आधीच बसले होते. मास्तर म्हणजे शाळेचे नव्हेत, पोस्टाचे; निवृत्त होऊन सहा वर्षं झालेली. मंगळवारी आणि शुक्रवारी येत, एक ग्लास घेत, घरी जात. पूर्वी ते नुसतीच घेत. या हिवाळ्यात एकदा त्यांनी एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, “वहिनी, आजपासून मला ते आल्याचं देत जा. वय झालं.” तिने आल्याचं दिलं. तेव्हापासून आल्याचंच.

नवरा मागच्या खोलीतून हात पुसत आला. तो आला की खोलीत माणसं वाढल्यासारखी वाटत. हे अजून तसंच होतं.

“पहिल्या धारेची म्हणतात ती हीच का?” बाईंनी विचारलं.

“पहिल्या धारेने आम्ही काचा पुसतो, बाई. काचेला लावली तर लख्ख दिसतं. पोटात गेली तर काचच दिसत नाही.”

बाई हसल्या. नणंद दारात उभी होती, तीही हसली, शंभराव्यांदा. मग तो नाकाबद्दल बोलू लागला. “यंत्र सांगतं किती. नाक सांगतं कधी.” इथे तो थांबायचा, आताही थांबला, तेवढाच वेळ. ती शेकरमध्ये बर्फ घालत होती. चाळीस मिलिलिटर दारू, वीस लिंबू, पंधरा मध, तीन थेंब कडू. बारा सेकंद हलवायचं. ग्लास बाईंसमोर ठेवला.

बाईंनी अर्धा प्यायला. “सुरेख जमलंय. खरंच. आता नुसती द्या.”

फळीवर मागच्या खेपेच्या चाळीस-एक बाटल्या होत्या. ओट्याच्या खाली, फडक्यांच्या मागे, तीन होत्या: तापाच्या आधीच्या शेवटच्या खेपेतल्या. त्या कशासाठी ठेवल्यात, हे तिने स्वतःला कधी विचारलं नव्हतं. तिने स्वतःचा हात फळीकडे जाईल म्हणून वाट पाहिली. हात खाली गेला. ती वाकली, फडकी बाजूला केली, बाटली काढली, बूच उघडलं. हे कुणीतरी दुसरं करतंय आणि आपण आकडे टिपायला उभ्या आहोत, असं तिला वाटलं.

बाईंनी ग्लास नाकाशी नेला आणि बराच वेळ तिथेच ठेवला. मग एक घोट घेतला. वहीत काहीतरी लिहिलं, त्याखाली रेघ ओढली.

“ही,” त्या म्हणाल्या. “अगदी अशी. मला दर खेपेला अशीच लागेल.”

“अशीच मिळेल,” नवरा म्हणाला. “उद्या सकाळीच तुमची भट्टी लावतो. नाक गहाण टाकतो, बाई.”

“वहिनी,” कोपऱ्यातून मास्तर म्हणाले, “मलाही द्या थोडी. त्याच बाटलीतली.”

तिने ओतली. पंधरा मिलिलिटर म्हणजे पंधराच. मास्तरांनी वास घेतला आणि डोळे मिटले.

“बऱ्याच दिवसांनी भेट झाली,” ते म्हणाले. तिला म्हणाले की ग्लासाला, ते कळलं नाही.

बाई गेल्या. नणंद आणि नवरा त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले, बाहेरून त्याच्या मोठ्या हसण्याचा आवाज येत होता. मास्तरांनी छत्री काखेत मारली आणि ओट्याशी येऊन उभे राहिले.

“आमच्याकडे एकदा एक पत्र आलं होतं,” ते म्हणाले. “पत्ता चुकलेला. पोस्टमन भला माणूस. परत पाठवलं तर लिहिणाऱ्याला वाईट वाटेल, म्हणून त्याने पुढच्या पोस्टात ढकललं. पुढच्यानेही तेच केलं. वर्षभर फिरलं ते. शेवटी आमच्याकडेच परत आलं, शिक्के मारून मारून काळं झालेलं. पत्तासुद्धा वाचता येईना.”

“मग काय केलंत?”

“तेव्हा फोडून वाचलं. आत काही विशेष नव्हतं हो. दोन ओळी होत्या.” त्यांनी ग्लास तिच्याकडे सरकवला. “शुक्रवारी येतो. आल्याचं नको.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता भट्टी लागली. ती नेहमीसारखी वही घेऊन तोटीपासून तीन हातांवर उभी राहिली. नवऱ्याने वाल्व फिरवला, तांब्यावर हात फिरवला, शीळ घातली. दर पंधरा मिनिटांनी तिने तापमान लिहिलं. साडेआठला धार लागली. डोकं पावणेदहाला संपलं. त्याने घड्याळ पाहिलं, तोटीखाली बोट धरलं, नाकाशी नेलं, “हं” म्हणाला आणि भांडं बदललं. बरोबर वेळेवर. मग काळीज सुरू झालं आणि अडीच तास करायला काही उरलं नाही. तो स्टुलावर बसून शब्दकोडं सोडवू लागला. मध्येच विचारलं, “चार अक्षरी, ‘जे दिसत नाही पण अडतं’.” तिला सुचलं नाही.

बाराच्या सुमारास धार बारीक झाली. तो उठला. हा टप्पा आला की तिचं अंग आपोआप ताठ व्हायचं आणि चेहरा सपाट. याची तिला सवय झाली होती. तो बोट धरणार, नाकाशी नेणार. त्या वेळी आपल्या तोंडावरची एक रेघही हलू द्यायची नाही. नाहीतर त्याला वाटेल, ही आपली परीक्षा घेतेय. आठ महिने तिने हे नेमाने सांभाळलं होतं.

आज पेनातली शाई संपली. ती दुसरं पेन घ्यायला खिडकीतल्या डब्याकडे वळली, आणि वळलीच होती म्हणून आकडा तिथेच, पाठमोरी उभी राहून लिहू लागली.

“अगं,” तो म्हणाला.

“काय?”

“इकडे ये ना.”

“लिहितेय. तापमान बघून झालंय.”

“हो, पण…” तो थांबला. “नेहमीच्या जागी उभी राहा ना.”

ती वळली. त्याने बोट तोटीखाली धरलं होतं. बोट ओलं होऊन त्यावरून दारू मनगटाकडे ओघळत होती. त्याची नजर धारेवर नव्हती. बोटावरही नव्हती. ती तिच्या चेहऱ्यावर होती, आणि अशी होती की जत्रेत हात सुटलेल्या पोराने आईकडे बघावं.

एखादा आकडा सगळ्या ओळींत चुकत असतो, आणि मग कळतं की तराजूच पहिल्यापासून शून्यावर नव्हता. तसं तिला सगळं मागे जाऊन कळत गेलं. एकोणीस. बावीस. चोवीस.

“तू माझ्याकडे बघून भांडं बदलतोस,” ती म्हणाली.

भट्टीच्या पोटात रस खदखदत होता.

“कधीपासून?”

“पहिल्यापासून.” त्याने हात पॅंटला पुसला. “तापानंतरच्या पहिल्या खेपेपासून. शेपूट आलं की तुझी डावी नाकपुडी हलते. पूर्वीपासून. तुला माहीत नाही, पण मी वीस वर्षं बघतोय. म्हटलं, आपलं नाक गेलं तर गेलं, घरात दुसरं आहे.” तो हसला, पण ते हसू त्यालाच पुरलं नाही. “आणि मग ती हलायचीच बंद झाली. मी थांबायचो. थांबायचो, थांबायचो, आणि मग अंदाजाने भांडं बदलायचो.”

“मी हलू देत नव्हते.”

“का?”

“तुला वाटेल, मी तुझ्यावर लक्ष ठेवतेय.”

तो स्टुलावर बसला. शब्दकोडं खाली पडलं, ते त्याने उचललं नाही.

“म्हणजे तू माझ्यासाठी तोंड बंद ठेवलंस,” तो म्हणाला, “आणि मी त्या बंद तोंडावर धार तोडत होतो.”

“हो.”

“वा! आपल्यासारखे आपणच.”

तिला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. पण गालाला कुठेतरी बोट लागल्यासारखं झालं, दातांचं इंजेक्शन उतरताना होतं तसं. दुखतं ते तेव्हाच.

“काल त्या बाईंना जुनी दिली,” ती म्हणाली. “ओट्याखालची.”

“माहितेय.”

“कसं?”

“तू वाकलीस. फळीवर हात पुरतो तुझा.” तो आपल्या बोटाकडे बघत होता. “मला वाटलं, आता तरी बोलशील. रात्री जेवताना वाट बघितली. मग वाटलं, ही बोलली तर मी काय करू? नाक नसलेला नाकशेठ. लोक आपल्या लेबलाला नाही, माझ्या नाकाला हात जोडायला येतात. मी इथे करायचं काय? काचा पुसायच्या?”

उत्तर मिळेपर्यंत थांबायचं, असंच तिने आठ महिने केलं होतं.

तोटीतून धार पडतच होती. ती दोन पावलं पुढे आली, नेहमीच्या जागेच्याही पुढे, आणि बोट धारेखाली धरलं. धार कोमट होती. तिने बोट नाकाशी नेलं. आधी नासपती आली, पिकलेली, देठाजवळची. मग नासपतीच्या मागे, दाराआड कुणी उभं असावं तसा, तो आला: पावसात राहिलेल्या खोक्याचा वास. फार नाही. पण होता. तिची डावी नाकपुडी हलली. या वेळी ती तिला स्वतःलाही जाणवली. तिने ती हलू दिली.

नवऱ्याने पाहिलं. तो उठून उभा राहिला, पण भांड्याला हात लावला नाही. तो वाट बघत होता. आता नाकपुडीची नव्हे.

“काळीज संपलं,” ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच निघाला, आकडा सांगावा तसा. “भांडं बदल. आणि यापुढे धार मी तोडणार.”